लाइट आल्यावर सर्व्हर चालू होतो, पण बिलिंग जोडलं जात नाही: कारण कुठे शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या एका कारखान्यात उबुंटू (लिनक्स) २२.०४ च्या मशीनवर पोस्टग्रेसक्यूएल १४ हा डेटाबेस चालतो. पॅकिंग, डिस्पॅच आणि ऑफिसमधले विंडोजचे कॉम्प्युटर त्याला जोडलेले आहेत. लाइट जाऊन परत आली की सर्व्हर आपोआप सुरू होतो, पण बिलिंगच्या स्क्रीनवर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येतं. सर्व्हरवर जाऊन स्टेटस पाहिलं तर हिरव्या अक्षरात ‘ॲक्टिव्ह’. सर्व्हिस एकदा हाताने रीस्टार्ट केली की दिवसभर काही तक्रार नाही. कुणीतरी सुचवलंय की आरसी.लोकल या बूटच्या वेळी चालणाऱ्या फाइलमध्ये ६० सेकंदांचा स्लीप (थांबा) टाकून त्याखाली रीस्टार्टची कमांड लिहा. तसं करावं का?

करू नका. का करू नये ते पुढे येईलच, पण आधी तुमच्याच वर्णनातली एक गोष्ट लक्षात घ्या. हाताने रीस्टार्ट केल्यावर सगळं नीट चालतं, म्हणजे कॉन्फिगरेशन बरोबर आहे, पासवर्ड बरोबर आहे, डेटा शाबूत आहे. बूट होताना आणि तुम्ही रीस्टार्ट करताना यांत फरक फक्त वेळेचा आहे. बूटच्या वेळी पोस्टग्रेसला जे हवं होतं ते अजून तयार नव्हतं, आणि तुम्ही खुर्ची सोडून सर्व्हरपर्यंत पोहोचेपर्यंत ते तयार झालं होतं. ते काय होतं, एवढंच शोधायचं आहे.

‘रिफ्यूज्ड’ हा शब्दही कामाचा आहे. ‘टाइम्ड आउट’ आलं असतं तर पॅकेट सर्व्हरपर्यंत पोहोचत नाही किंवा फायरवॉल ते गिळतो असा संशय धरला असता. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीनपर्यंत निरोप पोहोचला, मशीन जागं आहे, पण त्या पत्त्यावर ५४३२ या पोर्टला (पोस्टग्रेसच्या दार-क्रमांकाला) कुणीच ऐकत बसलेलं नाही. वायर, स्विच आणि राउटर त्या क्षणी ठीक आहेत. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.)

आता त्या हिरव्या ‘ॲक्टिव्ह’बद्दल. उबुंटू आणि डेबियनवर ‘पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस’ हे नुसतं छत्र आहे. ते चालवतं ती कमांड ‘/बिन/ट्रू’, म्हणजे काहीही न करता यशस्वी होणारी. म्हणून तिथे नीट पाहिलंत तर ‘ॲक्टिव्ह’च्या पुढे कंसात ‘एक्झिटेड’ दिसेल. खरा डेटाबेस ‘पोस्टग्रेसक्यूएल@१४-मेन’ या नावाने चालतो आणि स्टेटस त्याचं पाहायचं असतं. पण तुमच्याकडे माझ्या अंदाजाने तेही हिरवंच असेल, आणि इथेच माणसं चकतात.

कारण असं. तुमच्या पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ फाइलमध्ये ‘लिसन_ॲड्रेसेस’ या ओळीत ‘लोकलहोस्ट, १९२.१६८.१.१०’ असे दोन पत्ते लिहिलेले असणार. पोस्टग्रेस सुरू होताना या प्रत्येक पत्त्यावर जागा धरायला जातं. लोकलहोस्ट (१२७.०.०.१, मशीनचा स्वतःपुरता पत्ता) कायम हजर असतो, तिथे जागा मिळते. १९२.१६८.१.१० हा पत्ता मात्र त्या क्षणी नेटवर्क कार्डाला लागलेलाच नसेल, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) सांगतो ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस’. अशा वेळी पोस्टग्रेस बंद पडत नाही. एक जागा मिळाली ना, मग लॉगमध्ये इशारा लिहितं आणि पुढे जातं. एकही जागा मिळाली नाही तरच ते हार मानतं. म्हणून सर्व्हिस सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या दृष्टीने सर्व्हिस ठणठणीत, आणि पॅकिंगमधल्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाही. नंतर पत्ता लागला तरी पोस्टग्रेस स्वतःहून पुन्हा प्रयत्न करत नाही. रीस्टार्ट केल्यावरच ती यादी पुन्हा वाचली जाते.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. अशा तक्रारीवर ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ (सर्व्हिस कोसळली तर पुन्हा सुरू कर) लिहा हा सल्ला हमखास मिळतो. तुमच्या बाबतीत त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण इथे फेल्युअर झालेलंच नाही.

हा माझा अंदाज आहे आणि तो तपासता येतो. पुढच्या वेळी लाइट येऊन बिलिंग अडलं की रीस्टार्टला हात लावण्याआधी दोन मिनिटं द्या. रीस्टार्ट केलंत की पुरावा गेला. आधी या दोन कमांड:

एसएस -एलटीएन
आयपी -बीआर ॲड्रेस

पहिल्या कमांडच्या उत्तरात ५४३२ समोर फक्त १२७.०.०.१ दिसलं आणि दुसऱ्या कमांडच्या उत्तरात १९२.१६८.१.१० हजर असलं, तर निदान पक्कं. पत्ता आता आहे, पण पोस्टग्रेसने जागा धरली तेव्हा नव्हता.

मग लॉग. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) शोधून काही सापडलं नाही तर गोंधळू नका. उबुंटूवर पोस्टग्रेसचं लॉग ‘/व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल’ या फोल्डरमध्ये वेगळं लिहिलं जातं. त्यात वरचं वाक्य सापडेल. नेटवर्क कधी उभं राहिलं ते जर्नल सांगतं: ‘जर्नलसीटीएल -बी -के -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक’ असं चालवा आणि ‘लिंक इज अप’ शोधा. शॉर्ट-मोनोटॉनिक मुद्दाम सांगतोय. त्यात घड्याळाची वेळ येत नाही, बूट सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले ते येतं. जुन्या मशीनमधला सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं, इंटरनेट मिळाल्यावर उडी मारून पुढे येतं, आणि मग लॉगमधल्या वेळा एकमेकींशी जुळत नाहीत. तारीख चुकलेली दिसली तर तो सेल लगेच बदला. बिलावर चुकीची तारीख पडणं हे नेटवर्कपेक्षा मोठं दुखणं आहे.

आता नेटवर्क उशिरा का उभं राहतं? याची दोन कारणं आहेत: एक सर्व्हरच्या आत, एक बाहेर. आतलं बहुतेकांना माहीत असतं, बाहेरचं सुटतं.

आतलं कारण. सिस्टमडीत सर्व्हिसच्या फाइलमध्ये ‘आफ्टर=नेटवर्क.टार्गेट’ लिहिलेलं असतं (टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा). वाचून वाटतं की नेटवर्क तयार झाल्यावरच सर्व्हिस सुरू होईल. तसं नाही. बीम चढवणारा माणूस कारखान्यात आला म्हणजे मागावर बीम चढला असं होत नाही, नेटवर्क.टार्गेट एवढंच सांगतं की माणूस आला, म्हणजे नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला. पत्ता लागला की नाही याची हमी त्यात नसते. ती हमी देण्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ हे वेगळं टार्गेट आहे. आणि तेही नुसतं ‘आफ्टर’मध्ये लिहून भागत नाही. ‘आफ्टर’ फक्त क्रम ठरवतं: ते टार्गेट या बूटमध्ये येणार असेल तर त्याच्यानंतर सुरू हो. ते टार्गेट बूटमध्ये ओढून आणायचं काम ‘वॉन्ट्स’ करतं. एक ओळ लिहून दुसरी विसरलेली फाइल मी वारंवार पाहतो. दुसरी एखादी सर्व्हिस ते टार्गेट ओढत असते तोवर सगळं चालतं, आणि ती सर्व्हिस काढून टाकली की महिन्याभराने अचानक त्रास सुरू होतो.

बाहेरचं कारण आपल्याकडचं, आणि तुमच्या प्रश्नाचा गाभा मला तिथेच दिसतो. लाइट येते तेव्हा सर्व्हर एकटा बूट होत नसतो. स्विच, राउटर, प्रिंटर, सगळे एकाच क्षणी जागे होतात. बायोसमध्ये ‘लाइट आल्यावर चालू हो’ हा पर्याय लावलेला असतो, म्हणून सर्व्हर लगेच धावायला लागतो, आणि एसएसडी असेल तर तो फार लवकर पोस्टग्रेसपर्यंत पोहोचतो. त्या वेळी स्विच अजून स्वतःचं सॉफ्टवेअर लोड करत असतो. पलीकडून सिग्नल नाही म्हटल्यावर सर्व्हरच्या कार्डाला वायरच जोडलेली नाही असं वाटतं. आणि सिग्नल नसेल तर नेटवर्क-मॅनेजर काय किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी काय, हाताने ठरवून दिलेला पक्का पत्तासुद्धा एरवी लावत नाहीत. ‘आम्ही तर स्टॅटिक आयपी दिलाय, डीएचसीपीचा संबंधच नाही’ (डीएचसीपी म्हणजे राउटरने आपोआप पत्ता वाटणं) असं माणसं म्हणतात, ते या कारणाने पुरत नाही.

इथे दोन्ही प्रोग्रामांच्या वागण्यात फरक आहे. उबुंटू सर्व्हरवर सहसा नेटवर्कडी असतं. त्याची वेट-ऑनलाइन सर्व्हिस पत्ता लागेपर्यंत थांबते, मुदत १२० सेकंद. उबुंटू डेस्कटॉपवर नेटवर्क-मॅनेजर असतं. ते सिग्नलसाठी काही सेकंद वाट पाहतं, आला नाही की ‘माझी सुरुवात पूर्ण झाली’ असं जाहीर करतं, आणि नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट पत्ता नसतानाही गाठलं गेलं असं धरलं जातं. म्हणून डेस्कटॉपवर दोन्ही ओळी बरोबर लिहूनसुद्धा स्विच रेंगाळला तर अडचण तशीच राहते. लहान कारखान्यांत सर्व्हर म्हणून डेस्कटॉप उबुंटूच बसवलेलं असतं, तेव्हा आपल्याकडे कोणतं आहे ते आधी बघा.

मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर त्यात आणखी भर. स्पॅनिंग ट्रीच्या (वाहतूक गोल फिरू नये म्हणून स्विचमध्ये असलेल्या व्यवस्थेच्या) जुन्या पद्धतीत पोर्ट १५ सेकंद ऐकतं, १५ सेकंद शिकतं आणि मगच पॅकेट पुढे सोडतं. या ३० सेकंदांत सिग्नल असतो, दिवा लागलेला असतो, पण वाहतूक बंद असते. स्टॅटिक पत्त्याला याने जागा धरायला अडथळा होत नाही. डीएचसीपीवरचे कॉम्प्युटर मात्र पत्त्यावाचून बसतात. कॉम्प्युटर आणि सर्व्हर लागलेल्या पोर्टांवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट ही थांबा टाळणारी सेटिंग चालू करा. दुसरा स्विच जोडलेल्या पोर्टावर करू नका.

आता उपाय. तुमच्यासाठी मी जो निवडेन तोच आधी सांगतो: पोस्टग्रेसला ठराविक पत्त्याची वाटच पाहायला लावू नका. ‘लिसन_ॲड्रेसेस’मध्ये दोन पत्त्यांऐवजी नुसता तारा लिहा, ‘*’. मग पोस्टग्रेस ०.०.०.० वर जागा धरतं, म्हणजे मशीनला आत्ता असलेल्या आणि पुढे मिळणाऱ्या प्रत्येक पत्त्यावर. पत्ता दहा मिनिटांनी लागला तरी बिलिंग त्याच क्षणी जोडलं जाईल. स्विच, स्पॅनिंग ट्री, वेट-ऑनलाइन, कशाशीच देणंघेणं उरत नाही. ही ओळ बदलल्यावर रीस्टार्ट लागतो, रीलोड पुरत नाही.

यात सुरक्षेचं काय, हा रास्त प्रश्न आहे. पत्ता मर्यादित ठेवणं म्हणजे सुरक्षा, असं समजून बरेच जण तारा लिहायला घाबरतात. कोणाला आत घ्यायचं हे ठरवण्याची खरी जागा ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ आहे. तिथे फक्त १९२.१६८.१.०/२४ या जाळ्याला, फक्त तुमच्या डेटाबेसला, फक्त बिलिंगच्या युजरला परवानगी द्या आणि पासवर्डची पद्धत ‘स्क्रॅम-शा-२५६’ ठेवा. ‘ट्रस्ट’ (पासवर्डशिवाय प्रवेश) लिहिलेली एखादी ओळ बाहेरच्या पत्त्यांसाठी राहून गेली असेल तर ती आजच काढा. शिवाय यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ५४३२ पोर्ट त्याच जाळ्यापुरतं उघडा. आणि राउटरवर हे पोर्ट बाहेरून फॉरवर्ड केलेलं नाही ना, ते डोळ्यांनी पाहा. घरून रिपोर्ट बघता यावा म्हणून कुणीतरी कधीतरी केलेलं असतं आणि विसरलेलं असतं.

प्रत्येक सर्व्हिसला तारा चालत नाही. डीएनएसमास्क (जाळ्यात नावं आणि पत्ते पुरवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर त्यात ‘बाइंड-इंटरफेसेस’ऐवजी ‘बाइंड-डायनॅमिक’ लिहा. नंतर उगवणारा पत्ता ते स्वतःहून पकडतं. ज्या प्रोग्रामला असा कोणताच पर्याय नाही त्याच्यासाठी कर्नललाच सांगता येतं, ‘नेट.आयपीव्ही४.आयपी_नॉनलोकल_बाइंड=१’. ही ओळ सिससीटीएल.डी (sysctl.d) फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये टाकली की मशीनकडे अजून नसलेल्या पत्त्यावरही जागा धरता येते. मी ती शेवटचा मार्ग म्हणून वापरतो, कारण पत्ता लिहिताना चूक झाली तर मग कुठलाच प्रोग्राम कुरकुर करत नाही आणि ती चूक शोधणं अवघड जातं.

वाट पाहणं हाच मार्ग असेल, तर तो नीट करा. मूळ सर्व्हिस फाइलला हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये बदल पुसला जाईल. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ आणि पुढे सर्व्हिसचं नाव, असं दिलं की वेगळी ओव्हरराइड फाइल उघडते. पोस्टग्रेससाठी नाव छत्राचं नाही, ‘पोस्टग्रेसक्यूएल@१४-मेन’ द्यायचं. त्यात:

[युनिट]
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट

यानंतर कधीकधी उलटंच घडतं. बूट दोन मिनिटं अडतो आणि स्क्रीनवर ‘वेट फॉर नेटवर्क टू बी कन्फिगर्ड’ असं दिसत राहतं. मशीनला दोन नेटवर्क पोर्ट असतात आणि रिकाम्या पोर्टाचीही वाट पाहिली जात असते. नेटप्लॅनच्या (नेटवर्कच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये त्या रिकाम्या पोर्टाखाली ‘ऑप्शनल: ट्रू’ लिहा. वेट-ऑनलाइन सर्व्हिसच बंद करून टाकू नका. बूट झटपट होईल, पण ज्या हमीसाठी हे सगळं केलं तीच जाईल.

जी सर्व्हिस खरोखर कोसळते, तिच्यासाठी ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ चांगलं आहे, पण सोबत ‘रीस्टार्टसेक=५’ सारखं काही लिहा. मुळात हे अंतर सेकंदाचा दहावा भाग असतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा प्रयत्न फसला की सिस्टमडी नाद सोडतं. नेटवर्क उभं राहायच्या आतच पाचही प्रयत्न संपतात आणि लॉगमध्ये ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ एवढंच उरतं.

आणि आता तो स्लीप. ६० सेकंदांत स्विच उभा राहिला तर चालेल, ७० लागले तर नाही. दुसरं, स्विच लवकर उभा राहिला आणि कुणी बिल टाकायला बसलं, तर बरोबर साठाव्या सेकंदाला डेटाबेस रीस्टार्ट होऊन त्याचं अर्धवट बिल जाईल. तिसरं मला सगळ्यात जास्त खटकतं. लाइट अचानक गेल्यावर पोस्टग्रेस सुरू होताना डब्ल्यूएएल (बदलांची आधी लिहून ठेवलेली नोंदवही) वाचून डेटा सावरत असतं. डेटा जास्त असेल तर त्याला वेळ लागतो आणि तोवर ‘द डेटाबेस सिस्टम इज स्टार्टिंग अप’ असा निरोप मिळतो. त्याला त्या वेळी रीस्टार्टचा धक्का द्यायचा नाही, तसंच पोस्टमास्टर.पीआयडी (पोस्टग्रेस चालू असल्याची खूण) फाइल दिसली म्हणून ती उडवायचीही नाही. त्याचं काम त्याला पूर्ण करू द्या. वेग वाढावा म्हणून कुणी ‘एफसिंक’ (डेटा डिस्कवर पक्का लिहून घेण्याची सेटिंग) बंद करायला सांगितलं, तर ते मुळीच ऐकू नका. लाइट जाणाऱ्या गावात ती सेटिंग म्हणजे डेटा घालवायची तयारी.

सर्व्हरला यूपीएस असेलच. त्याच यूपीएसवर स्विच आणि राउटरही घ्या. दोघं मिळून थोडेच वॅट खातात, बॅकअपवर फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे लाइट येते, मिनिटभरात पुन्हा जाते, पुन्हा येते, आणि तो झटका स्विचला सर्व्हरपेक्षा जास्त बसतो. यूपीएसला यूएसबी पोर्ट असेल तर एनयूटी नावाचं सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. बॅटरीची तपासणी मात्र उन्हाळ्याच्या आधी करा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि उष्णतेने लेड-ॲसिड बॅटरी लवकर मरते.

टॉवेलच्या कारखान्यात आणखी एक गोष्ट तपासा, कारण तिच्यामुळेही बिलिंग अडू शकतं. कापसाची बारीक धूळ नेटवर्कच्या पोर्टांत आणि पंख्यांत बसते. लॉगमध्ये ‘लिंक इज अप’, ‘लिंक इज डाउन’ असं दिवसाढवळ्याही आलटून पालटून दिसत असेल तर सॉफ्टवेअर सोडा, पोर्ट साफ करा आणि केबलचं टोक नवीन क्रिंप करून घ्या.

आणि सर्व्हरचा १९२.१६८.१.१० हा पत्ता राउटरच्या डीएचसीपीच्या यादीबाहेर आहे ना? नसेल, तर लाइट आल्यावर राउटर तो पत्ता एखाद्याच्या मोबाइलला देऊन बसतो. मग ‘रिफ्यूज्ड’ सर्व्हर म्हणत नसतो, तो मोबाइल म्हणत असतो. एखाद्याच दिवशी, एखाद्याच कॉम्प्युटरवर त्रास होत असेल तर हे आधी पाहा.

बदल केल्यावर तपासायचं कसं? नुसतं रीबूट करून पाहू नका. रीबूटच्या वेळी स्विच चालूच असतो, त्यामुळे जुनी मांडणीसुद्धा त्या परीक्षेत पास होते. ‘काल तर रीबूट करून पाहिलं होतं, चाललं’ असं लोक सांगतात ते यामुळे. मेन स्विच पाडून डेटाबेसला धक्का देण्याचीही गरज नाही. सुट्टीच्या दिवशी आधी पीजी_डंपने बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या डिस्कवर ठेवा. सर्व्हर नीट बंद करा, नेटवर्कची केबल काढा, सर्व्हर चालू करा. डेस्कटॉप पूर्ण आल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, मग केबल लावा. पॅकिंगच्या कॉम्प्युटरवरून बिलिंग उघडा. कशालाही हात न लावता ते उघडलं, तर लाइट गेल्यावरही उघडेल. नाही उघडलं तर रीस्टार्ट न करता वरच्या दोन कमांडची उत्तरं आणि पोस्टग्रेसच्या लॉगच्या शेवटच्या ओळी जशाच्या तशा पाठवा. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.